जुन्या ट्रकच्या इंजिनाचे निदान

भंडारा जिल्ह्यातील साकोली हे तालुक्याचे गाव सुरतेकडून नागपूर, रायपूरमार्गे पूर्वेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. पूर्वी या महामार्गाचा क्रमांक ६ होता. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले, तेव्हापासून येथील रस्ता ५३ क्रमांकाचा झाला. जुने ड्रायव्हर मात्र अजूनही त्याला 'सहा नंबर' असेच म्हणतात. या रस्त्याने रात्रंदिवस ट्रक धावत असतात. लांब पल्ल्याचे ट्रक बहुतेक नवे असतात. जुने ट्रक आता दूर जात नाहीत. ते जवळपासची कामे करतात. शेतावरून धानाची पोती गिरणीवर न्यायची, तणस वाहायची, विटा आणि रेती पोचवायची, ही त्यांची कामे. असा एक ट्रक म्हणजे एका कुटुंबाची रोजीरोटी असते. ट्रक चार दिवस उभा राहिला तर चार दिवस मिळकत बंद, आणि हप्ता मात्र चालूच. म्हणून इंजिन बिघडले की मालकाच्या पोटात गोळा येतो. त्यातच मिस्त्रीने चुकीचा रोग सांगितला, तर शंभर रुपयांच्या कामासाठी सगळे इंजिन उघडले जाते.

रोग ओळखणे याला मराठीत 'निदान' म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'तशखीस' म्हणतो. हकीम नब्ज पाहतो, जीभ पाहतो, विचारपूस करतो आणि मगच औषध देतो. चांगला मिस्त्रीही असेच करतो. पान्याला हात लावण्यापूर्वी तो विचारतो, पाहतो, ऐकतो आणि वास घेतो. तो हे कसे करतो आणि त्यामागे कोणते शास्त्र आहे, ते या पाठात आपण पाहू.

प्रथम हे इंजिन चालते कसे, ते थोडे समजून घेऊ. ट्रकचे इंजिन डिझेलवर चालते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग या शहरात असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्याचेच नाव इंजिनाला आणि पुढे इंधनालाही मिळाले. पेट्रोलच्या इंजिनात विजेची ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये घेतलेली हवा पिस्टन जोराने दाबतो. सुमारे सतरा पट दाबली गेली की ती हवा ५०० अंश सेल्सिअसपेक्षाही जास्त तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेलच. त्याचेच हे मोठे रूप. या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि तो आपोआप पेट घेतो. म्हणजे डिझेल इंजिनाला तीन गोष्टी हव्यात : भरपूर स्वच्छ हवा, हवेला तापवणारा पुरेसा दाब आणि योग्य वेळी योग्य प्रमाणात आलेले डिझेल. इंजिन नीट चालत नसेल, तर या तिघांपैकी काहीतरी कमी पडते आहे असे समजावे.

आपल्या भागात अजून दिसणारे जुने ट्रक बहुतांशी टाटांचे असतात. जमशेदपूरच्या टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायमलर-बेंझ कंपनीशी करार करून १९५४ साली ट्रक बनवायला सुरुवात केली. हा करार १९६९ साली संपला. पुढे २००३ साली टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले. या ट्रकांच्या एका प्रसिद्ध इंजिनाचे नाव ६९७ असे आहे. ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर. नावातच माहिती दिलेली आहे! हे इंजिन गाडी उभी असताना हळू चालवले, म्हणजे मिनिटाला सुमारे ६०० फेरे, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पाच वेळा स्फोट होतो. सहा सिलिंडरांचे मिळून तीस स्फोट. ते ओळीने १, २, ३ असे होत नाहीत, तर १, ५, ३, ६, २, ४ या क्रमाने होतात. त्यामुळे इंजिनाला झटके बसत नाहीत. तीस ठोक्यांची ही लय मिस्त्रीच्या कानात बसलेली असते. एक जरी ठोका चुकला, तरी ते त्याला रस्त्याच्या पलीकडून कळते.

आता समजा, धानाने भरलेला एक जुना ट्रक गॅरेजसमोर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर म्हणतो, "गाडी ओढत नाही." एवढ्याने काहीच कळत नाही. मिस्त्री विचारतो : त्रास सकाळी होतो की गाडी तापल्यावर? रिकाम्या गाडीलाही होतो की भरलेल्याच? एकाएकी सुरू झाला की हळूहळू वाढत गेला? त्याआधी काही काम केले होते का? डिझेल कोठे भरले? या प्रश्नांना फार महत्त्व आहे. एकाएकी आलेला दोष सहसा झिजेचा नसतो. पिस्टनच्या रिंग एका दिवसात झिजत नाहीत. पण एखादी नळी एका दिवसात तडकते, आणि डिझेलबरोबर आलेले पाणी एका तासात इंजिन बंद पाडते. फिल्टर बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी बिघडली, तर आधी फिल्टरच्या जोडाकडे पाहावे, हे उघड आहे. तरी घाईत हेच विसरले जाते.

विचारपूस झाल्यावर डोळ्यांचे काम. बॉनेट उघडण्यापूर्वी धुराच्या नळीकडे पाहावे. निरोगी इंजिनाचा धूर तापल्यावर जवळजवळ दिसतच नाही. धूर काळा असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी आहे. निळसर असेल तर इंजिनाचे वंगण तेल जळत आहे. पांढरा असेल तर दोन शक्यता असतात. एक तर डिझेल न जळताच बाहेर येत आहे, किंवा पाण्याची वाफ आहे. या दोन्हींत फरक ओळखायचा सोपा उपाय नाकाजवळ आहे. न जळलेल्या डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि त्याला उग्र वास येतो. वाफेला तसा वास नसतो आणि ती हवेत लगेच विरते. डिसेंबर-जानेवारीत साकोलीला पहाटे कडाक्याची थंडी पडते. त्या वेळी दोन-तीन मिनिटे पांढरा धूर आला तर घाबरण्याचे कारण नाही. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला, रेडिएटरचे पाणी रोज कमी होऊ लागले आणि त्यात बुडबुडे दिसू लागले, तर मात्र हेडचे गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते. ते उसळून हात आणि चेहरा भाजतो.

गाडी सुरूच होत नसेल, तर धुराचा आणखी एक उपयोग होतो. सेल्फ मारताना इंजिन जोरात फिरत आहे, पण धुराच्या नळीतून काहीच येत नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. सेल्फ मारताना पांढरा धूर येतो पण इंजिन धरत नाही, म्हणजे डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही. पहिल्या वेळी डिझेलच्या वाटेकडे पाहायचे. दुसऱ्या वेळी उष्णता का कमी पडते ते पाहायचे. बॅटरी कमजोर होऊन इंजिन हळू फिरत असेल, तरीही हवा पुरेशी तापत नाही. बिचारे इंजिन चांगले असते, आणि दोष बॅटरीच्या गंजलेल्या टोकाचा निघतो.

जुन्या ट्रकांत सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत जास्त फसवणारा दोष म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरणे. ड्रायव्हर म्हणतात, "गाडीने एअर घेतली." गाडी चालता चालता हुंदके दिल्यासारखी कमी-जास्त होते आणि बंद पडते. किंवा रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू होत नाही, आणि एकदा सुरू झाली की दिवसभर ठीक चालते. मालक सगळे जोड तपासतो. कोठेही डिझेल गळताना दिसत नाही. मग तो म्हणतो, "नळी चांगली आहे, पंपच खराब असेल." येथेच चूक होते.

हे नीट समजण्यासाठी सरबताचा पेला डोळ्यांसमोर आणा. तुम्ही नळीने सरबत ओढत आहात. नळीला मध्येच बारीक भोक पडले, तर सरबत बाहेर सांडेल का? नाही. भोकातून हवा आत येईल आणि सरबत तोंडापर्यंत नीट पोचणार नाही. ट्रकची टाकी खाली, चेसिसच्या बाजूला असते. तिच्यातले डिझेल फीड पंप असेच वर ओढून घेतो. म्हणून टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत भेग पडली, तर डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. इंजिन बंद असताना याच भेगेतून हवा घुसते आणि नळीतले डिझेल रात्रभरात टाकीत परत उतरते. म्हणून सकाळचा त्रास. फीड पंपाच्या पुढे मात्र डिझेल दाबाखाली असते. तेथे जोड सैल असला तर तो ओला दिसतो. थोडक्यात, ओला जोड फीड पंपाच्या पुढचा दोष दाखवतो. सगळे कोरडे असून बुडबुडे येत असतील, तर दोष फीड पंपाच्या मागे असतो. माझ्या मते हे एवढे ज्या मालकाला कळले, त्याचा पंप विनाकारण कोणी उघडू शकणार नाही.

हवा काढायची रीत अशी. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करतात आणि फीड पंपावरचा हातपंप दाबत राहतात. आधी फेसाळ डिझेल येते. मग बुडबुडे थांबतात आणि सलग धार लागते. तेव्हा हातपंप चालू असतानाच स्क्रू घट्ट करतात. नंतर मोठ्या पंपावरही तसेच करतात. पण हवा काढणे म्हणजे इलाज नव्हे. भेग तशीच राहिली तर उद्या पुन्हा हवा शिरेल. भेग शोधण्यासाठी जुने मिस्त्री एक सुंदर युक्ती करतात. ते टाकीची नळी सोडून देतात. एका स्वच्छ डब्यात डिझेल घेऊन तो उंचावर टांगतात आणि त्यातून फीड पंपाला डिझेल देतात. आता इंजिन नीट चालले, तर फीड पंप, मोठा पंप, नोझल हे सगळे निर्दोष ठरले. दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच अंतरात उरला. तो बहुतेक वेळा वाळून तडकलेल्या रबरी नळीत किंवा दबून गेलेल्या तांब्याच्या वॉशरमध्ये सापडतो.

भरलेली गाडी ओढत नाही, रिकामी मात्र ठीक चालते, अशी तक्रार असेल तर पुरवठा अपुरा पडत असतो. फिल्टर तुंबला असेल, किंवा टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र चिखलाने बुजले असेल. डिझेल कमी झाल्यावर त्या जागी हवा आली नाही, तर पंपाला डिझेल ओढवत नाही. झाकण सैल करून गाडी चालवली की लगेच फरक दिसतो. आणखी एक साधी गोष्ट पाहावी. एकाने पायाने अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबावा आणि दुसऱ्याने पंपावरचा दांडा शेवटपर्यंत जातो का ते पाहावे. सांधे झिजलेले असले तर पाय पूर्ण दबतो, पण दांडा अर्ध्यावरच थांबतो. यात ना सुटा भाग लागतो, ना पैसा.

पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी येणे ही नेहमीची गोष्ट आहे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसते. म्हणून टाकीच्या आणि फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो.

आता ठोका चुकण्याकडे, म्हणजे 'मिसिंग'कडे वळू. सहापैकी एक सिलिंडर काम करत नाही. तो कोणता? शाळेत आपण प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो. मिस्त्रीही तेच करतो. इंजिन हळू चालू ठेवून तो पहिल्या नोझलला जाणाऱ्या नळीचा नट किंचित सैल करतो. त्या सिलिंडरला डिझेल मिळेनासे होते. सिलिंडर चांगला असेल तर इंजिनाचा आवाज लगेच बदलतो आणि ते लडखडते. मग तो नट घट्ट करून दुसरा सैल करतो. असे करता करता ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर काहीच फरक पडत नाही, तोच आजारी. तो आधीपासूनच काम करत नव्हता, मग डिझेल तोडल्याने फरक कसा पडणार?

येथे दक्षता घ्यायला हवी. या नळ्यांत डिझेलचा दाब दर चौरस सेंटीमीटरला २०० किलोग्रॅमच्या आसपास असतो. ट्रकच्या टायरमधील हवेच्या दाबापेक्षा तो पंचवीस-तीस पट आहे. अशी बारीक धार कातडी भेदून शरीरात जाऊ शकते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण हात गमावण्याची पाळी येऊ शकते. म्हणून गळती बोटाने कधीही शोधू नये. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा. धार कातडीत शिरल्याचा संशय आला, तर दुखत नसले तरी ताबडतोब दवाखाना गाठावा. मुलांनो, नट सैल करण्याचे हे काम जाणत्या मिस्त्रीचेच आहे. तुम्ही बाजूला उभे राहून ऐका.

आजारी सिलिंडर सापडला, समजा चौथा. आता दोष नोझलचा की सिलिंडरचा? मिस्त्री चौथ्याचे नोझल दुसऱ्यात आणि दुसऱ्याचे चौथ्यात बसवतो. दोष नोझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेला, तर नोझल खराब. ते काढून तपासायला द्यावे. दोष चौथ्यातच राहिला, तर नोझल निर्दोष. मग त्या सिलिंडरचे वाल्व, टॅपेटचे अंतर, पंपातील त्याचा भाग आणि शेवटी पिस्टनच्या रिंग तपासाव्या. एका अदलाबदलीने अर्धी वाट कमी झाली. कोर्टात साक्षीदार तपासावेत, तसा हा प्रकार आहे.

काळा धूर आला की बहुतेकांचे लक्ष पंपाकडे जाते. खरे तर आधी एअर फिल्टर पाहावा. धान मळणीच्या दिवसांत आणि गिरण्यांच्या परिसरात हवेत धूळ आणि कोंडा भरलेला असतो. जुन्या ट्रकांत हवा तेलाच्या भांड्यावरून गाळून घेतली जाते. ते तेल गाळाने घट्ट होते. भांडे रॉकेलने धुऊन नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर भरले तर तेल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते. मग इंजिन तेच तेल जाळून आवरेनासे धावू लागते, चावी बंद केली तरी थांबत नाही. एअर फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर येत असेल, तर नोझल फवारा न उडवता थेंब गाळत असेल. पण एक कारण माणसाने स्वतः ओढवून घेतलेले असते. गाडी जास्त ओढावी म्हणून काही मालक पंपाचा स्क्रू वाढवून घेतात. पंपाला हे लोक अजूनही 'मायको' म्हणतात. मायको कंपनी १९५१ साली स्थापन झाली आणि २००८ साली तिचे नाव बॉश झाले, पण गॅरेजमध्ये जुनेच नाव चालते. स्क्रू वाढवला की डिझेल जास्त येते. हवा मात्र तेवढीच असते. जास्तीचे डिझेल काजळी होऊन बाहेर पडते, पिस्टन तापतात आणि चढावर रेडिएटर उकळतो. जोर थोडा वाढलेला वाटतो आणि इंजिनाचे आयुष्य घटते. हा सौदा मला तरी मुळीच पटत नाही.

निळ्या धुराचे निदान तेलाच्या झाकणापाशी होते. इंजिन चालू असताना तेल भरायचे झाकण काढावे. आतून धुराचे फुत्कार जोराने येत असतील, तर रिंग आणि लायनर झिजले आहेत. स्फोटाचा वायू त्यांच्या फटीतून खाली उतरत आहे. तसे नसेल आणि फक्त सकाळी सुरू करताना थोडा निळा धूर येत असेल, तर वाल्वच्या बाजूने तेल झिरपत असावे. दोन्हींचा खर्च सारखा नाही. पहिल्यासाठी इंजिन उतरवावे लागते, दुसरे काम फक्त हेड काढून होते.

तेलाची सळई तर रोजच पाहावी. तेल कमी झाले हे सर्वांना कळते. पण तेल वाढले तर? अनेकांना आनंद होतो. वास्तविक ती धोक्याची खूण आहे. तेल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल किंवा पाणी मिसळत असते. तेल पातळ झाले असून डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल उतरत आहे. दुधाळ दिसत असेल तर पाणी. अशा तेलावर गाडी चालवली तर बेअरिंग जळतात. कोहमाऱ्याकडे निघालेला भरला ट्रक जंगलाच्या पट्ट्यात रात्री बंद पडणे म्हणजे काय, हे ड्रायव्हरच्या घरच्यांना विचारा. उतारावर इंजिन बंद पडले तर संकट आणखी मोठे. ब्रेकला लागणारी हवा इंजिनाच्या जोरावर चालणारा कॉम्प्रेसर भरत असतो. इंजिन थांबल्यावर टाकीत साठलेली हवाच काय ती उरते, आणि दर वेळी ब्रेक दाबला की ती कमी होत जाते.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाली. आता नव्या ट्रकांत डिझेलचे प्रमाण आणि वेळ संगणक ठरवतो. मिस्त्री एक छोटे यंत्र जोडतो आणि पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटतो. 'डिझेलचा दाब कमी' एवढे ते यंत्र सांगते. दाब कमी का झाला, फिल्टर तुंबला, पंप झिजला की कोठे वॉशर दबला, हे ते नेहमीच सांगू शकत नाही. तेव्हा मिस्त्री यंत्र बाजूला ठेवतो, नळी फडक्याने कोरडी पुसतो आणि टाकीपासून एकेक जोड पाहत पुढे सरकतो.